मासोळी आणि माणसाचा मेंदू

मेंदूच्या विकारांभोवती जितके गैरसमज जमले आहेत, तितके क्वचितच दुसऱ्या दुखण्याभोवती जमले असतील. हाड मोडले तर आपण ते बसवून घेतो, ताप आला तर डॉक्टरकडे जातो. पण घरातल्या मुलाला फेफरे आले की आधी कोणी कांदा फोडून नाकाशी धरतो, कोणी पायातली वहाण हुंगवतो, आणि मूल शुद्धीवर आले की कुजबुज सुरू होते. कोणी म्हणतो बाहेरची बाधा झाली, कोणी म्हणतो देवीचे काही द्यायचे राहिले, आणि कोणी आईच्या माहेराकडे बोट दाखवतो. ही समजूत केवळ अशिक्षितांची होती असेही नाही. हिंदू विवाह कायद्यात १९७६ साली जी दुरुस्ती झाली, तीत वेडाचे किंवा फेफऱ्याचे वारंवार येणारे झटके विवाहाच्या आड येणारी गोष्ट म्हणून नमूद केले होते. त्यातून फेफऱ्याचा उल्लेख गाळला जायला १९९९ साल उजाडावे लागले.

अशा या विषयात आम्ही एक साक्षीदार पुढे आणणार आहोत. हा साक्षीदार म्हणजे दीड इंच लांबीची एक मासोळी. तिला कूळ नाही, गोत्र नाही, पूर्वसंचित नाही, आणि तिच्या अंगात देवी येण्याचा संभव नाही. तरीही तिला फेफरे येते. माणसाच्या एका दुर्धर अपस्माराचे जे मूळ, त्याच मुळातून तिचेही फेफरे उपजलेले दाखवता येते. आणि माणसाला ज्या औषधांनी उतार पडतो, त्यांपैकी कित्येकांनी तिलाही पडतो. ही गोष्ट कशी उघडकीस आली, तिचा रुग्णांना काय उपयोग झाला, आणि या साक्षीवर कितपत भरवसा ठेवावा, एवढ्या तीन प्रश्नांपुरतेच हे विवेचन आहे.

भातखाचरातून प्रयोगशाळेत

इंग्रजीत हिला झेब्रा मासा म्हणतात, कारण तिच्या अंगावर डोक्याकडून शेपटीपर्यंत निळे पट्टे असतात. ती मूळची आपल्याच उपखंडातली. गंगेच्या खोऱ्यातले संथ ओढे, तळी आणि भातखाचरे हे तिचे घर. कंपनी सरकारच्या नोकरीत असलेला फ्रान्सिस हॅमिल्टन नावाचा एक स्कॉटिश डॉक्टर होता. गंगा आणि तिच्या उपनद्यांतील माशांवर त्याने १८२२ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि त्यात अडीचशेहून अधिक जातींबरोबर हिचेही वर्णन केले. 'डॅनिओ रेरिओ' हे तिचे शास्त्रीय नाव. त्यातला 'डॅनिओ' हा शब्द बंगालीतील 'धानी', म्हणजे भातखाचरातली, यावरून आला असे मानतात. आपल्या भंडाऱ्याच्या माणसाला 'धान' शब्दाची फोड करून सांगायला नको.

पुढे ही मासोळी शोभेच्या काचपात्रांतून जगभर गेली. तिला शास्त्राच्या दरबारात मानाची जागा मिळवून दिली ती जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी. हे मूळचे बुडापेस्टचे. नाझींच्या भयाने त्यांचे कुटुंब अमेरिकेस गेले. ओरेगन विद्यापीठात त्यांनी ही मासोळी हाती घेतली, कारण त्यांना पाठीचा कणा असलेला, पण माशीइतक्या सहजपणे वाढवता येणारा प्राणी हवा होता. नराच्या आनुवंशिक वाट्यावाचून, केवळ मादीच्या अंड्यापासून एकसारखी संतती कशी निपजवावी, हे त्यांनी १९८१ साली दाखवून दिले. पुढे जर्मनीतील ट्युबिंगेन आणि अमेरिकेतील बॉस्टन येथे माशांच्या जनुकांत मुद्दाम बिघाड घडवून, त्यातून पिलांत काय काय बिनसते याची प्रचंड मोठी पाहणी झाली. १९९६ च्या डिसेंबरात तिचे निष्कर्ष एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात, तब्बल ३७ निबंधांच्या रूपाने प्रसिद्ध झाले. २०१३ साली मासोळीच्या सर्व जनुकांचे वाचन पुरे झाले, तेव्हा माणसाच्या शंभर जनुकांपैकी सुमारे सत्तर जनुकांची भावंडे तिच्यात आढळली. मासोळी आणि मनुष्य यांची वंशवृक्षावरील ताटातूट होऊन चाळीस कोटींहून अधिक वर्षे लोटली. इतक्या काळानंतरही घरातली एवढी भांडीकुंडी दोघांकडे सारखीच राहिली आहेत.

आरपार दिसणारा मेंदू

पण जनुकांचे साम्य तर उंदरात याहून अधिक आहे. मग उंदीर सोडून मासोळी कशासाठी? याचे पहिले उत्तर असे की, मासोळीचे पिलू पारदर्शक असते. उंदराचा गर्भ आईच्या पोटात वाढतो. मासोळीची अंडी पाण्यात, सर्वांच्या डोळ्यांदेखत वाढतात. सकाळी दिवे लागले की मादी अंडी घालते, एका वेळी शंभर-दोनशेसुद्धा. पाण्याची ऊब साडेअठ्ठावीस अंशांच्या आसपास राखली की, चोवीस तासांत डोके, डोळे आणि कणा यांची आखणी पुरी होते आणि हृदय धडधडू लागते. तिसऱ्या दिवसापर्यंत पिलू अंड्याबाहेर पडते. पाचव्या दिवशी ते भक्ष्य हेरून त्याचा पाठलाग करते. माणसाच्या गर्भात जे घडायला महिने लागतात, त्यातला बराचसा भाग येथे सोमवारी सुरू होऊन शनिवारच्या आत आटोपतो.

या पाच-सहा दिवसांच्या पिलाच्या मेंदूत सुमारे एक लाख मज्जापेशी असतात. माणसाच्या मेंदूत त्या आठ हजार सहाशे कोटींच्या घरात आहेत. एक लाख हा आकडाही लहान नव्हे, पण तो एका दृष्टिक्षेपात येऊ शकतो. एका जेलीफिशच्या अंगी चमकणारे एक प्रथिन असते. त्यात फेरफार करून शास्त्रज्ञांनी असे प्रथिन बनवले की, मज्जापेशी कामाला लागली की ते उजळते आणि ती विसावली की मंदावते. हे प्रथिन मासोळीच्या मज्जापेशींत घातले, आणि प्रकाशाचा अत्यंत पातळ पडदा मेंदूतून वरखाली सरकवत छायाचित्रे घेतली, तर मेंदू दिवाळीतल्या शहरासारखा लुकलुकताना दिसतो. अमेरिकेतील जनेलिया संशोधन केंद्रात २०१३ साली अशा रीतीने पिलाच्या मेंदूतील ऐंशी टक्क्यांहून अधिक पेशी, दर सव्वा सेकंदाच्या आसपास एकदा, टिपण्यात आल्या. त्याच वर्षी जपानमध्ये, समोरून एक सूक्ष्म जीव पोहत जात असता तो पाहणाऱ्या पिलाच्या मेंदूत प्रकाशाचा ठिपका कसा सरकत जातो, हे दाखवण्यात आले. कवटी न उघडता, जिवंत प्राण्याचा जवळजवळ संपूर्ण मेंदू पेशी-पेशीने चालताना पाहणे हे उंदराच्या बाबतीत शक्य झालेले नाही.

फेफरे म्हणजे काय?

आता मूळ विषयाकडे येऊ. मज्जापेशी एकमेकींशी विजेच्या सूक्ष्म लहरींनी बोलतात. ही वीज निर्माण होते ती पेशीच्या आवरणातील लहान लहान दारांमुळे. मिठात असते तेच सोडियम या दारांतून आत घुसते आणि लहर उसळते. मेंदूत चेतवणाऱ्या पेशी आहेत, तशाच आवरणाऱ्या पेशीही आहेत. घाट उतरणाऱ्या मोटारीला जसा ब्रेक, तशा या आवरणाऱ्या पेशी. चेतवणे आणि आवरणे यांचा तोल सुटला, की असंख्य पेशी एकाच ठेक्यात, एकाच वेळी उसळू लागतात. तोच फेफऱ्याचा झटका. बाहेरून पाहणाऱ्याला दिसते ते हातपाय झाडणे आणि शुद्ध हरपणे. आत असते ती विजेची बेबंदशाही.

मुलांमध्ये अपस्माराचा एक फार कठीण प्रकार आढळतो. फ्रान्समधील शार्लोत द्राव्हे या डॉक्टरबाईंनी १९७८ साली त्याचे वर्णन केले, म्हणून त्याला द्राव्हेचा विकार म्हणतात. मूल जन्मतः सुदृढ असते. मग पहिल्या वर्षातच, बहुधा एखाद्या तापात, पहिली आकडी येते आणि ती लवकर थांबत नाही. पुढे ताप नसतानाही झटके येऊ लागतात. कढत पाण्याने आंघोळ घातली एवढेही निमित्त पुरते. दुसऱ्या वर्षानंतर मुलाची बोलण्याचालण्यातील प्रगती मंदावते. नेहमीची औषधे बहुधा लागू पडत नाहीत, आणि काही तर दुखणे वाढवतात.

या विकाराचे मूळ २००१ साली बेल्जियममधील संशोधकांना सापडले. सोडियमचे एक विशिष्ट दार ज्या जनुकाच्या हुकमाने घडते, त्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकीत दोष असतो. येथे दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. पहिली अशी की, हा दोष बहुतेक मुलांत नव्याने उद्भवलेला असतो. तो आईकडेही नसतो आणि बापाकडेही नसतो. माहेराकडे बोट दाखवणाऱ्यांनी हे अवश्य ऐकावे. दुसरी गोष्ट अशी की, सोडियमची दारे कमी झाली तर मेंदू उलट शांत व्हायला हवा. मग फेफरे का यावे? उंदरांवरील प्रयोगांनी २००६ साली याचा उलगडा केला. हे दार विशेषेकरून आवरणाऱ्या पेशींना लागते. ते कमी झाले की ब्रेकच निकामी होतो. म्हणूनच सोडियमची दारे बंद करणारी जी औषधे इतर अपस्मारात गुणकारी, तीच या मुलांना अपाय करतात.

शहाण्णव खणांचे तबक

दोष कळला म्हणून औषध मिळतेच असे नाही. त्यासाठी शेकडो द्रव्ये पारखून पाहावी लागतात. आजारी मुलावर तशी पारख करता येत नाही आणि करणे हा अपराध ठरेल. शेकडो द्रव्ये उंदरांवर पारखायची तर वर्षे लागतात. येथे मासोळीचा दुसरा गुण कामी आला, आणि तो म्हणजे तिचा लहानपणा.

सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात स्कॉट बाराबान यांनी २००५ साली दाखवले होते की, झटके आणणारे एक द्रव्य पाण्यात मिसळले की मासोळीची पिले ठरावीक क्रमाने वागतात. आधी ती सैरावैरा पोहतात, मग भोवऱ्यासारखी गोल फिरतात, आणि शेवटी आखडून कुशीवर कलंडतात. हे नुसते वागणे झाले. खरी कसोटी विजेची. पिलाला पातळ जेलीत स्थिर केले जाते. ही जेली अगारची, म्हणजे आपल्या घरी खरवसासारख्या वड्या थापायला जे चायना ग्रास वापरतात त्याचीच. मग केसाहून बारीक टोकाची काचनळी मेंदूत टेकवून आतील विजेचा आलेख काढतात. त्या आलेखावर जे उंच, दाटीवाटीचे फटकारे उमटतात, ते माणसाच्या झटक्याच्या आलेखाशी ताडून पाहता येतात.

त्याच विद्यापीठात, डोळ्यांच्या हालचाली बिघडलेल्या माशांची पाहणी चालू असता, एका वाणात नेमका तोच सोडियमच्या दाराचा जनुक बिघडलेला आढळला होता. बाराबान यांनी हा वाण उचलला. त्याच्या पिलांना कोणतेही द्रव्य न देता, आपोआप झटके येत होते. तिसऱ्या दिवसापासून ते आलेखावर उमटत, आणि ही पिले दोन आठवड्यांच्या आतच मरत. द्राव्हेच्या मुलांना ज्या उपायांनी थोडाफार गुण येतो, त्यांनी या पिलांचेही झटके कमी झाले. साक्षीदार खरा असल्याची ही खूण होती.

मग खरी पारख सुरू झाली. शहाण्णव खणांचे एक तबक घ्यायचे. प्रत्येक खण मोठ्या थेंबाएवढ्या पाण्याचा. त्यात एकेक पिलू. प्रत्येक रांगेला वेगळे द्रव्य द्यायचे आणि वरून कॅमेऱ्याने कोण किती धावतो हे टिपायचे. ज्या खणांतली धावपळ शमते, तेवढ्यांचे विजेचे आलेख काढायचे. कारण द्रव्याने पिलू नुसते मलूल झाले असेल तर तो गुण नव्हे. अशा रीतीने ३२० द्रव्ये पारखून झाली, आणि २०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. कसोटीला उतरले ते क्लेमिझोल नावाचे एक जुने, अडगळीत पडलेले औषध. ते १९५० नंतरच्या दशकातले, आणि तेही सर्दी-खाज यांसारख्या ॲलर्जीच्या तक्रारींवरचे. अपस्मारावर त्याचा उपयोग होईल असे तर्काने कोणाला सुचले नसते. पुढे असे दिसले की त्याचा हा गुण ॲलर्जीवरच्या गुणाहून वेगळा आहे. मेंदूतील सेरोटोनिन या द्रव्याच्या मार्गावर ते काम करते. तेथून ते माणसांवरील चाचण्यांपर्यंत पोहोचले.

याच सुमारास बेल्जियममध्ये दुसऱ्या बाजूने एक वाट येत होती. फेनफ्लुरामीन हे एके काळी लठ्ठपणावर दिले जाणारे औषध. हृदयाच्या झडपांना त्यामुळे इजा होते असे दिसल्याने १९९७ साली ते बाजारातून काढले गेले. परंतु अगदी अल्प मात्रेत दिले असता अपस्माराच्या काही मुलांचे झटके थांबतात, असे तेथील डॉक्टरांनी पाहून ठेवले होते. हेही औषध सेरोटोनिनच्याच मार्गावरचे. द्राव्हेचा दोष असलेल्या मासोळीवर त्याचा गुण २०१५ साली दाखवण्यात आला, रुग्णांवर रीतसर चाचण्या झाल्या, आणि २०२० साली अमेरिकेत द्राव्हेच्या विकारासाठी ते संमत झाले. अर्थात हृदयाची वेळोवेळी तपासणी करण्याच्या अटीवर. म्हणजे एका ठिकाणी मासोळीने रुग्णाकडे बोट दाखवले, तर दुसऱ्या ठिकाणी रुग्णाने मासोळीकडे. आणि दोन्ही बोटे एकाच दिशेला वळली.

मात्र याच मार्गावरील लोर्कासेरिन या तिसऱ्या औषधाची गत वेगळी झाली. मासोळीवरील पुराव्याच्या आधारे द्राव्हेच्या पाच मुलांना, अन्य उपाय खुंटल्यामुळे, ते देण्यात आले आणि झटके कमी झाल्याचे आढळले. पण हे औषध लठ्ठपणावर विकले जात असे, आणि ते घेणाऱ्यांत कर्करोगाचे प्रमाण थोडे अधिक दिसल्याने २०२० साली अमेरिकेतील विक्री थांबली. सहा दिवसांच्या पिलाला पाच वर्षांनंतरच्या धोक्याविषयी विचारून काय उत्तर मिळणार?

साक्षीची मर्यादा

यावरून तिसऱ्या प्रश्नाकडे वळणे भाग आहे. मासोळीला माणसासारखा सहा थरांचा मेंदूचा बाह्यांश नाही. तिला भाषा नाही, भ्रम नाही, आठवणींची खंत नाही. स्किझोफ्रेनियाशी संबंध असावा अशी शंका असलेल्या १३२ जनुकांचा माग मासोळीत घेऊन, एकेका जनुकाच्या अभावी तिच्या मेंदूत व वागण्यात काय बदलते, याची पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. निम्म्याहून अधिक जनुकांच्या बाबतीत काही ना काही बदल दिसला. हे काम मोलाचे आहे. पण त्यावरून मासोळीला स्किझोफ्रेनिया होतो असे कोणी म्हणू लागला, तर तो शास्त्राची थट्टा करतो. माशाला कानात आवाज ऐकू येतात काय, हे विचारण्याची सोय नाही.

जनुकांचा हिशेबही सरळ नाही. मासोळीच्या पूर्वजांत फार प्राचीन काळी सगळ्या जनुकांची एकदा दुप्पट झाली, आणि त्यांतल्या पुष्कळ जोड्या आजही शिल्लक आहेत. द्राव्हेच्या जनुकाचेही तिच्यात दोन अवतार आहेत. म्हणून माणसात एक प्रत बिघडली की आजार होतो, तर मासोळीत एका अवताराच्या दोन्ही प्रती बिघडाव्या लागतात. याउलट कंपवाताच्या रुग्णांच्या मेंदूत ज्या प्रथिनाच्या गुठळ्या साचतात, त्याचा जनुक मासोळीत मुळीच नाही. म्हाताऱ्या मेंदूचे विकार पाच दिवसांच्या पिलात शोधणे हेही बेतानेच करायचे काम.

आणखी एक मोठा फरक असा की, मासोळीच्या मेंदूला इजा झाली तर ती नव्या मज्जापेशी घडवून तो बऱ्याच अंशी भरून काढते. आपल्याला ते साधत नाही. आजाराचा अभ्यास करणाऱ्याला ही अडचण वाटेल. परंतु जर्मनीतील ड्रेस्डेन येथील संशोधकांनी २०१२ साली दाखवले की, जखमेभोवतीचा दाहच मासोळीत या दुरुस्तीला चालना देतो. आपल्या मेंदूत दाह सहसा नासधूस वाढवतो. एकच गोष्ट एकीकडे तारक आणि दुसरीकडे मारक का ठरते, हा प्रश्न मासोळी वेगळी असल्यामुळेच विचारता आला.

या मुक्या प्राण्याविषयी आपले काही कर्तव्य आहे, हेही विसरून चालणार नाही. पिलू स्वतः अन्न मिळवू लागले की त्याला युरोपच्या २०१० सालच्या नियमांनी प्रयोगप्राणी म्हणून संरक्षण दिले आहे. साक्षीदाराला वेदना होत असतील तर कमीत कमी साक्षीदार बोलवावेत आणि त्यांना कमीत कमी त्रास द्यावा, हा न्याय येथेही लागू आहे.

आपल्या देशातही या मासोळीने आता घर केले आहे. दिल्लीच्या एका संशोधन संस्थेने तिच्या रानटी भारतीय वाणाचे जनुकवाचन २००९ साली प्रसिद्ध केले. बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात तिच्या पोहण्यामागील मज्जाजालाचा अभ्यास होतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतही ती पाळली जाते. भातखाचरातून निघालेली मासोळी जग फिरून परत आली, असे म्हणायला हरकत नाही.

तिच्या साक्षीचे सार थोडक्यात असे. ती रोगाचे कारण दाखवते, औषधाकडे बोट करते, पण निकाल देत नाही. निकाल रुग्णाजवळच, सावकाश आणि सावधपणे लावावा लागतो. तरीही एका बाबतीत तिची साक्ष निर्णायक मानायला आम्ही तयार आहोत. एका दाराची घडण बिघडली की माशालाही फेफरे येते, हे ज्याने आलेखावर पाहिले, त्याला फेफऱ्याच्या मुलात शाप किंवा घराण्याचा कलंक दिसणार नाही. तेव्हा यापुढे कोणाला झटका आलेला दिसला, तर कांदा आणि वहाण बाजूला ठेवावी. रुग्णाला हळूच कुशीवर वळवावे, आसपासच्या टोकदार वस्तू दूर कराव्यात, डोक्याखाली मऊ काही द्यावे, तोंडात चमचा किंवा पाणी घालू नये, आणि घड्याळ पाहावे. झटका पाच मिनिटांत थांबला नाही, तर रुग्णालय गाठावे. आणि मूल शुद्धीवर आल्यावर त्याच्या आईला काय झाले असे विचारावे. कोणाचे चुकले असे विचारू नये.